अट कोणी घातली?

वाचकांचे प्रश्न : पुस्तके

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रे एकाच प्रकारच्या इंग्रजी कादंबऱ्यांविषयी आहेत. जुन्या परीकथेचा सांगाडा घ्यायचा, ती कथा ‘फे’ नावाच्या अमानवी, देखण्या आणि चिरतरुण जमातीच्या दरबारात नेऊन ठेवायची आणि त्या दरबारातला कोणीतरी व माणसाची मुलगी यांच्यातले प्रेम सांगायचे, अशी या कादंबऱ्यांची ढोबळ रीत असते. वैशाख-जेठाच्या दुपारी कूलरसमोर बसून असे सहाशे पानांचे ठोकळे संपवणारे वाचक नागपुरात एवढ्या संख्येने असतील, याची मला कल्पना नव्हती. पत्रे संक्षिप्त करून देत आहे.

प्रश्न : मैत्रिणीने दिलेली कादंबरी ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ या सुंदरी आणि पशूच्या परीकथेचे पुनर्कथन आहे, असे ऐकले होते. प्रत्यक्षात तिच्यात शाप, दरबारी राजकारण आणि पऱ्यांमधली वैरेच अधिक निघाली. एका साध्यासुध्या गोष्टीवर हे कलम कशासाठी करायचे? (एक विद्यार्थिनी, धरमपेठ)

उत्तर : गोष्ट मुळात साधीसुधी होती, हा समज आपल्यापर्यंत पोहोचलेल्या आवृत्तीने करून दिलेला आहे. ही कथा छापील स्वरूपात पहिल्यांदा आली ती 1740 साली, गाब्रिएल-सुझान द व्हिलनव्ह या फ्रेंच लेखिकेच्या हातून; ती चांगली लांबलचक होती आणि प्रौढ वाचकांसाठी होती. पशूचा राजपुत्र झाल्यावर आपल्या माहितीतली गोष्ट संपते, व्हिलनव्हबाईंची मात्र तिथून पुढे बराच वेळ चालते, आणि त्या उत्तरार्धात असते ते नेमके आपण तक्रारीच्या सुरात सांगितलेले सारे काही : परीलोकाचे कायदे, पऱ्यांची आपसांतली भांडणे आणि जुने हिशेब. राजपुत्राला पशू करणारी परी कोणी वाटेवरची अनोळखी म्हातारी नाही. त्याला लहानाचे मोठे करणारीच ती आहे, आणि त्याने तिच्याशी लग्न करायला नकार दिला म्हणून तिने शाप दिलेला आहे. नायिकाही व्यापाऱ्याची मुलगी नसून एका राजाची आणि एका परीची मुलगी निघते.

पुढे 1756 साली जान-मारी लप्रँस द बोमाँ यांनी ही कथा छाटली. त्या लंडनमध्ये मोठ्या घरांतल्या मुलींना शिकवत असत आणि त्यांना आपल्या विद्यार्थिनींसाठी सद्गुणांचा धडा हवा होता. दरबार गेला, वैरे गेली, परीचा मत्सर गेला; उरली ती गुलाब मागणारी गुणी मुलगी, मत्सरी बहिणी आणि मनाने चांगला असलेला कुरूप पशू. जगभर पसरली ती हीच छाटलेली कथा. त्यामुळे आपण ज्याला कलम म्हणता, ते बऱ्याच अंशी छाटलेल्या जागी पुन्हा आलेले धुमारे आहेत, मग लेखकाला हे ठाऊक असो वा नसो.

तरीही ‘कलम’ हा शब्द नागपूरच्या वाचकाला शोभतो, म्हणून तो सोडवत नाही. संत्र्याचा डोळा जंबेरी या लिंबाच्या जातीच्या खुंटावर बांधतात. फळ संत्र्याचे येते, पण जमिनीतून पाणी ओढणारे मूळ जंबेरीचे असते. या कादंबऱ्या वाचताना खुंट कोणता आणि डोळा कोणता, एवढे पाहिले तरी पुष्कळ उलगडा होतो. 2015 साली आलेल्या ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ या कादंबरीत पशूच्या गोष्टीइतकाच दुसराही एक खुंट आहे, आणि तो तिच्या लेखिकेने लपवलेला नाही, कारण तिथल्या एका प्रमुख पात्राचे नावच टॅमलिन आहे. ‘टॅम लिन’ हे स्कॉटलंडचे पोवाड्यासारखे जुने गाणे. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांच्या प्रसिद्ध संग्रहात त्याचा क्रमांक 39 आहे. पऱ्यांच्या राणीने पळवून नेलेला टॅम लिन कार्टरहॉच्या रानात राहतो. जॅनेट नावाची मुलगी तिथे जाते, त्याच्यापासून तिला दिवस जातात, आणि मग तो तिला सांगतो की दर सात वर्षांनी परीलोकाला नरकाचा कर भरावा लागतो व या खेपेला तो कर म्हणून आपलीच पाळी येईल अशी त्याला भीती आहे. हॅलोवीनच्या मध्यरात्री परीलोकाची मिरवणूक निघते. जॅनेटने त्याला घोड्यावरून ओढून घट्ट धरून ठेवायचे; तो साप होईल, सिंह होईल, तापलेले लोखंड होईल, पण तिने सोडायचे नाही. ती सोडत नाही.

आता ‘ब्यूटी’च्याही मागे जा. दुसऱ्या शतकात अपुलेयसने लॅटिनमध्ये सांगितलेल्या सायकीच्या कथेत नवरा रात्रीच येतो आणि त्याचे तोंड पाहायचे नाही अशी ताकीद असते. सायकी दिवा लावून पाहते आणि त्याला गमावते. नॉर्वेच्या लोककथेत हाच नवरा पांढरे अस्वल होऊन येतो. लोककथांचे वर्गीकरण करणाऱ्या अभ्यासकांनी या साऱ्या कुळाला 425 हा क्रमांक दिलेला आहे. या कुळात गुलाब असेल किंवा नसेल, बाप व्यापारी असेल किंवा शेतकरी. अट मात्र प्रत्येक ठिकाणी आहे. पाहायचे नाही, अमुक दिवसांत परत यायचे, हातातले सोडायचे नाही. म्हणून पुनर्कथन खरे की नावापुरते, हे मी गुलाब शोधून ठरवत नाही. जुन्या कथेतली अट नव्या कथेत अजून कोणाला तरी बांधते आहे का, आणि ती मोडल्यावर कोणाचे तरी खरे नुकसान होते का, एवढेच पाहतो. आपल्या कादंबरीला ही कसोटी लावा. ती उतरली नाही तर पुस्तक मैत्रिणीला निःसंकोच परत करा.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. परीकथा वाचते म्हणून मी निर्धास्त होते. परवा तिचे पुस्तक सहज मधूनच उघडले आणि चकित झाले. हे तिच्या वयाला योग्य आहे का? (एक आई, महाल)

उत्तर : जे पान आपण उघडले, त्यावरून तरी नाही. ‘परी’ या शब्दामुळे आपली फसगत झाली आहे. तसे होणारे आई-बाप पुष्कळ आहेत, आणि रंगीत, फुलापानांची नक्षी असलेली मुखपृष्ठे त्या फसगतीला मदतच करतात. या प्रकारातल्या काही कादंबऱ्या किशोरवयीन वाचकांसाठी असतात. परंतु पुष्कळशा सरळसरळ प्रौढांच्या आहेत, आणि एकाच मालिकेत पहिले पुस्तक सौम्य व पुढची उघड शृंगाराची, असेही घडते. म्हणून पहिला भाग चाळून पुढच्या भागांची हमी धरू नये.

एक गोष्ट मात्र सांगतो. जुन्या परीकथा निरागस होत्या आणि नव्या लेखकांनी त्या बिघडवल्या, असे मुलीला सांगू नका, कारण ते खरे नाही. ग्रिम बंधूंच्या 1812 च्या पहिल्या आवृत्तीत मनोऱ्यात कोंडलेली रापुन्झेल आपले कपडे अलीकडे घट्ट का होऊ लागले, असे भाबडेपणाने विचारते आणि तिचे गुपित फुटते. पुढच्या आवृत्त्यांत हा प्रश्न काढून टाकला गेला. हिमगौरीचा जीव घ्यायला निघालेली बाई त्या पहिल्या आवृत्तीत तिची सख्खी आई होती. ती सावत्र झाली नंतर. मुलांच्या हाती गोष्ट देताना मोठ्या माणसांनी कात्री चालवलीच होती, आणि आपल्याला आज तेच करायचे आहे. तिच्याआधी आपण वाचा. दोन दुपारी लागतील, आणि बहुधा आपल्यालाही पुढचा भाग हवासा वाटेल.

प्रश्न : या लोकांना लोखंड सोसत नाही, खोटे बोलता येत नाही, त्यांच्याकडचे अन्न खायचे नाही, हे सगळे जुने की लेखकांच्या डोक्यातले? (एक वाचक, इतवारी)

उत्तर : दोन्हींची सरमिसळ आहे. लोखंडाचे भय ब्रिटनच्या लोकसमजुतींत जुनेच आहे. ते आपल्यालाही परके वाटू नये, कारण बाळंतिणीच्या उशाशी सुरी किंवा विळा ठेवणारी घरे आपण पाहिलेली आहेत. अन्न न खाण्याचा नियमही जुना, आणि परीलोकातली एक रात्र म्हणजे बाहेरची कित्येक वर्षे, हेही जुने. स्कॉटलंडच्या समजुतींत पऱ्यांचे दोन दरबार आहेत, एक त्यातल्या त्यात बरा आणि दुसरा दुष्ट. वसंत, शिशिर असे ऋतूंवरून पाडलेले दरबार आजच्या लेखकांचे. खोटे बोलता न येण्याचा जो कडक कायदा या कादंबऱ्यांत दिसतो, त्याला आजचा आकार कादंबरीकारांनीच दिला आहे. जुन्या गाण्यात उलटा प्रकार आहे : परीराणी थॉमस नावाच्या माणसाला खोटे न बोलणारी जीभ बक्षीस देते आणि तो कुरकुरतो की अशा जिभेने बाजारात व्यवहार कसा करायचा! इतवारीच्या वाचकाला त्याचे दुःख कळेल.

प्रश्न : आमच्याकडे यक्ष, गंधर्व, अप्सरा असताना या परदेशी मंडळींचे एवढे कौतुक कशाला? मूळ सारे आपलेच नाही काय? (संस्कृतचे निवृत्त शिक्षक, रामटेक)

उत्तर : गुरुजी, मूळ आपलेच असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, पण साम्य आपण म्हणता त्याहून अधिक खोल आहे, आणि ते यक्षापेक्षा उर्वशीत आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले 95 वे सूक्त म्हणजे पुरूरवा आणि त्याला सोडून निघालेली उर्वशी यांचा संवाद; त्याच्या आगची-मागची कथा ‘शतपथ ब्राह्मण’ या वैदिक ग्रंथात येते. तिथे उर्वशी माणसाच्या घरी राहायला येते ती अटी घालून. माझी इच्छा नसताना माझ्याजवळ यायचे नाही, आणि तू मला विवस्त्र दिसता कामा नये. गंधर्वांना ती परत हवी असते. तिच्या पलंगाला बांधलेली कोकरे ते रात्री पळवतात, ती आकांत करते, पुरूरवा वस्त्र गुंडाळण्याइतकाही न थांबता उडी घेतो आणि गंधर्व नेमकी तेव्हाच वीज चमकवतात. अट मोडते, ती नाहीशी होते. तो वेड्यासारखा हिंडतो, कमळांच्या तळ्यात पाणपक्ष्याच्या रूपात ती त्याला सापडते, आणि अखेरीस गंधर्वांनी दिलेल्या अग्नीने यज्ञ करून तो स्वतःच गंधर्व होतो. सायकीने दिवा लावला, इथे गंधर्वांनी वीज लावली. माणसाने शेवटी अमानवी होऊन प्रेम टिकवायचे, हा आजच्या फे-कादंबऱ्यांचा लाडका शेवटसुद्धा इथे तयार आहे.

आता यक्षाविषयी. नागपूरहून सुमारे 50 किलोमीटरवर असलेला आपला रामटेकचा डोंगर म्हणजेच ‘मेघदूता’तला रामगिरी, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हिरिरीने मांडले, आणि आषाढाच्या पहिल्या दिवशी आपण सारे ते आनंदाने मान्य करतो. परंतु तो यक्ष कामात चुकला म्हणून कुबेराने वर्षभरासाठी घालवून दिलेला आहे. आजच्या भाषेत बोलायचे तर ती खात्याची शिस्तभंगाची कारवाई आहे. आपल्याकडच्या या मंडळींच्या वर इंद्र आहे, कुबेर आहे, कर्मफळ आहे. त्यांचा शाप कधी संपणार हे मोजून सांगता येते. स्कॉटलंडच्या पऱ्यांना असा वरिष्ठ नाही. रॉबर्ट कर्क हे अ‍ॅबरफॉइलचे धर्मोपदेशक. त्यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस या पऱ्यांविषयी एक प्रबंध लिहिला आणि त्यात पऱ्यांना माणूस व देवदूत यांच्या मधल्या जातीचे ठरवले. अशा मधल्या जातीशी करार करताना दाद मागायला वर कोणी नसते, आणि त्या कादंबऱ्यांतली धास्ती पुष्कळशी तिथून येते. म्हणून त्यांचे कौतुक मला परके वाटत नाही. उर्वशी आपली आहे आणि ती धास्तीही वाचण्याजोगी आहे. दोन्हींना जागा आहे.

प्रश्न : ‘फे’ला मराठीत काय म्हणावे? (एक वाचक, सीताबर्डी)

उत्तर : ‘फे’ म्हणावे. ‘परी’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि येताना पंख घेऊन आला. ‘यक्ष’ म्हटले की कुबेर येतो. नवे भाषांतरित नाव घडवण्यात मला राम दिसत नाही.

प्रश्न : मुलीला पळवून नेणारा, कैदेत ठेवणारा नायक प्रेमाचा नायक कसा होऊ शकतो? या कादंबऱ्यांनी हे विष गोड करून विकले आहे, असे मला वाटते. (एक वाचक, प्रतापनगर)

उत्तर : आपला राग मला पटतो, पण सरसकट नाही. कैद मूळ कथेतच आहे, ती लपवून पुनर्कथन करता येणार नाही. व्हिलनव्हबाईंचा पशू रोज रात्री मुलीला विचारतो की मी तुझ्याजवळ झोपू का. बोमाँबाईंनी सोवळे नेसवून तो प्रश्न ‘माझ्याशी लग्न करशील का’ असा केला. दोन्हींकडे ती रोज नाही म्हणते आणि दोन्हींकडे तो ‘नाही’ मान्य करून निघून जातो. मात्र घरी जाण्याची मुभा तिला बराच काळ नसते. नकार चालतो पण निघून जाता येत नाही, हीच त्या कथेची अवघड जागा आहे, आणि चांगले पुनर्कथन तिथेच मुक्काम करते.

वाईट पुनर्कथन काय करते? ते नायकाला एक दुःखी बालपण देते आणि हिशेब चुकता झाला असे समजते. जुलमी माणसाची आई लहानपणीच वारली, हे कळल्यावर आपण हळहळावे हे ठीक. पण त्यामुळे कोंडलेल्या मुलीचे दार उघडत नाही. शिवाय करार केलेला असतो तो बहुधा बापाने, आणि किंमत भरते मुलगी. अट कोणी घातली, कोणी मान्य केली आणि फेडली कोणी, ही तीन माणसे वेगवेगळी असतील, तर त्यांच्यात प्रेम जुळवण्याआधी लेखकाने बरेच काम करायला हवे. आपण शतपथातली उर्वशीची अट वर वाचलीच असेल. ती घालणारी ती स्वतःच आहे.

पळवून नेण्याचेच म्हणाल तर विदर्भाला त्याची नवलाई नाही. रुक्मिणीचे हरण म्हणताना आपण सोयीने विसरतो की भागवतात तिनेच ब्राह्मणाच्या हाती कृष्णाला निरोप धाडलेला आहे, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी देवीच्या दर्शनाला मी गावाबाहेर जाईन तेव्हा मला न्या, ही जागा आणि वेळही तिनेच ठरवलेली आहे. अमरावतीचे अंबादेवीचे देऊळ तेच, अशी श्रद्धा आहे. असे हरण लिहिणारी लेखिका मिळाली तर प्रतापनगरातूनही तक्रार येऊ नये.

प्रश्न : मला मराठीत अशी कादंबरी लिहायची आहे. फुटाळा तलावाच्या तळाशी काचेचा महाल, त्यात शापित राजपुत्र आणि सिंड्रेलाची कथा असा आराखडा केला आहे. कसा वाटतो? (एक नवलेखिका, मनीषनगर)

उत्तर : तलाव चांगला आहे. महाल आणि सिंड्रेला ठेवू नका, कारण काचेचा बूट 1697 च्या पेरोच्या फ्रेंच कथेतून निघून इतक्या पायांत जाऊन आला आहे की त्याला आता कोणाचेही माप बसते. आपल्या जवळ, वर्धा नदीच्या काठी, कौंडिण्यपूर आहे; परंपरेने तेच विदर्भाचे कुंडिनपूर, म्हणजे रुक्मिणीचे आणि तिच्याही आधी दमयंतीचे माहेर. दमयंतीची कथा महाभारताच्या वनपर्वात आहे, मराठीत रघुनाथ पंडितांनी ती सांगितली, आणि माझ्या मते फे-प्रणयकथेला लागते ते सारे तिच्यात आहे. हंस काढून टाका, तो आता फार ओळखीचा झाला आहे. बाकीचे नीट पाहा.

स्वयंवराला निघालेल्या नळाला वाटेत इंद्र, अग्नी, वरुण आणि यम गाठतात व आमचे एक काम कर म्हणतात. तो आधी ‘करीन’ म्हणतो आणि मग विचारतो की काम कोणते. जगातल्या कोणत्याही परीकथेत माणूस असाच अडकतो. काम निघते ते हे : दमयंतीकडे जा आणि आमच्यापैकी एकाला वर असे तिला सांग. ज्याच्यावर तिचे मन आहे तोच दुसऱ्यांची मागणी घेऊन तिच्या अंतःपुरात उभा राहतो, आणि दिलेला शब्द पाळतो. त्या एका रात्रीवर आपली पन्नास पाने सहज खर्च होतील.

मग स्वयंवर. दमयंतीसमोर एकसारखे पाच नळ उभे असतात. ती देवांना आपल्या सत्याची शपथ घालते आणि मग तिला खुणा दिसतात : चौघांना घाम नाही, त्यांच्या पापण्या लवत नाहीत, माळा टवटवीत आहेत, पाय जमिनीला टेकलेले नाहीत. पाचव्याची सावली पडली आहे, माळ कोमेजली आहे, अंगावर धूळ आणि घाम आहे. ती घामाच्या माणसाला माळ घालते. देखण्या, अमर, निर्मळ पुरुषांच्या रांगेतून घामेजलेला माणूस निवडणारी नायिका आजच्या फे-कादंबऱ्यांत मला क्वचितच दिसली. तिथे निवड बहुधा उलट होते. आपली कादंबरी इथे वेगळी होऊ शकते, आणि नागपुरात मे महिन्यात लिहीत असाल तर घामाचे वर्णन करायला कल्पनाशक्ती फारशी लागू नये.

उत्तरार्धात पशूही आहे. द्यूतात सर्वस्व हरलेला नळ झोपलेल्या दमयंतीला रानात सोडून जातो. कर्कोटक नाग त्याला डसतो आणि तो कुरूप बाहुक होऊन अयोध्येच्या राजाकडे सारथी म्हणून राहतो. दमयंती त्याला शोधते ती चुंबनाने नव्हे, बुद्धीने : दुसऱ्या स्वयंवराची हूल उठवते, आणि तीही दुसऱ्याच दिवशीची, कारण अयोध्येहून एका दिवसात रथ आणू शकणारा सारथी एकच आहे हे तिला ठाऊक असते. त्यानंतरही ती घाई करत नाही. दासीला पाहणीला पाठवते, त्याच्या हातचे शिजवलेले मागवून चव घेऊन पाहते, मुलांना त्याच्याकडे धाडते. चवीवरून नवरा ओळखणारी नायिका साऱ्या 425 क्रमांकाच्या कुळात मला तरी आठवत नाही.

एक अडचण आहे आणि ती टाळू नका. तो तिला मध्यरात्री, अर्धे वस्त्र फाडून घेऊन, एकटीला टाकून गेला आहे. महाभारत त्याचा दोष अंगात शिरलेल्या कलीवर टाकते. आपण टाकणार का? वर प्रतापनगरच्या वाचकांना मी जे लिहिले ते इथे आपल्यालाही लागू आहे. बाहुकाचा पुन्हा नळ होण्याआधी दमयंतीने त्याला त्या रात्रीविषयी विचारावे, आणि त्याचे उत्तर आपण लिहावे. कर्कोटकाने दिलेली दिव्य वस्त्रे तोवर त्याला नेसू देऊ नयेत.

भाषेविषयी थोडे. दरबार अमानवी असला म्हणून पात्रांनी नाटकातल्या राजासारखे बोलण्याची गरज नाही, आणि भाषांतर वाटावे अशा वाक्यांत उसासेही टाकू नयेत. संत्र्याच्या बागेत खुंटाला खालून फूट आली की ती काढावी लागते, नाहीतर जंबेरीच वाढते; तसे इंग्रजी वाचनातून आलेले बर्फ, ओकची झाडे आणि शेकोटीपुढची लोकरीची शाल लिहिता लिहिता उगवतील, ती उपटत चला. पहिले प्रकरण झाले की अवश्य पाठवा. पाच नळांच्या रांगेपासून सुरुवात केलीत तर मी ते आधी वाचीन.